सोळाव्या वर्षाचा परवाना आणि दारातली स्कूटर

चेंबूर, प्रतिनिधी

दहावीचा निकाल लागला की चेंबूरमधील अनेक घरांत एक जुना करार बाहेर निघतो. ‘ठरलेले टक्के मिळव, मग स्कूटर तुझी’ असे आठवी-नववीतच कबूल झालेले असते. पुढे अकरावीचा प्रवेश होतो, सकाळी महाविद्यालय आणि संध्याकाळी क्लास सुरू होतो. टिळकनगर, सुभाषनगर, सिंधी सोसायटी ही ठिकाणे एकमेकांपासून फार लांब नाहीत. पण रिक्षावाला जवळचे भाडे नाकारतो आणि बसची खात्री नसते. स्कूटर मात्र इमारतीखाली उभीच असते. मुलगा किंवा मुलगी सोळा वर्षांची झालेली असते आणि सोळाव्या वर्षी ‘विनागिअर’ वाहनाचा परवाना मिळतो, हे घरात सर्वांना ठाऊक असते.

ठाऊक असते ते अर्धेच. उरलेले अर्धे अपघात झाल्यावर किंवा वाहतूक पोलिसाने गाडी अडवल्यावर कळते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या चौथ्या कलमाचा मूळ नियम सरळ आहे. अठरा वर्षांखालील कोणीही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायचे नाही. याला एकच अपवाद आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस इंजिनाची क्षमता ५० सीसीपेक्षा जास्त नसलेली मोटारसायकल चालवता येते. या वयाच्या मुलांना जो परवाना मिळतो त्यावर ‘विनागिअर मोटारसायकल’ असा वर्ग लिहिलेला असतो आणि गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. पालक ‘विनागिअर’ हा शब्द वाचतात आणि घरातली स्कूटर विनागिअरच आहे, असे म्हणून निश्चिंत होतात. परंतु आज घरोघरी दिसणाऱ्या अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटर वा अ‍ॅक्सेस या स्कूटरची इंजिने ११० ते १२५ सीसीच्या आसपासची आहेत, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून अधिक. सोळा वर्षांच्या मुलाच्या खिशात परवाना असला, तरी या स्कूटरवर तो कायद्याच्या दृष्टीने विनापरवानाच असतो.

मग पन्नास सीसीची गाडी कोणती? चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना उत्तर लगेच सुचेल. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणलेली लूना ही तशी गाडी होती. पायडल मारून सुरू होणारी, चढावर धापा टाकणारी, जोरात पळवायची म्हटले तरी फारशी न पळणारी. शाळामास्तर, टपाल खात्यातले कर्मचारी, दूधवाले आणि महाविद्यालयीन मुली अशा साऱ्यांनी ती वापरली. १९८८ चा कायदा झाला तेव्हा अशा मोपेड रस्तोरस्ती होत्या आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती तेवढेच बळ देण्यात शहाणपण होते. पुढे बाजार बदलला. १०० सीसीच्या स्कूटर आल्या, २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली आणि पन्नास सीसीच्या गाड्या शोरूममधून दिसेनाशा झाल्या. अपवाद मात्र कायद्यात राहिला. लूना हे नाव २०२४ मध्ये विजेवर चालणाऱ्या गाडीच्या रूपाने परतले, पण ती ताशी ५० किलोमीटरपर्यंत धावते आणि तिला नोंदणी व परवाना लागतो. शिवाय विजेच्या मोटरीला सीसीचे माप लागूच पडत नाही.

परवान्याशिवाय चालवता येण्याजोगे विजेचे वाहन आहे, पण त्याच्या अटी नीट पाहिल्या पाहिजेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या दुचाकीच्या मोटरीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत आहे, ती ‘मोटार वाहन’ समजली जात नाही. तिला नंबरप्लेट नसते. मात्र विक्रीनंतर वेगाची मर्यादा काढून टाकलेली गाडी या व्याख्येतून बाहेर पडते आणि विनानोंदणीचे वाहन ठरते. दुकानदार हे काम ‘फुकट करून देतो’ म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवावे.

दोष कोणाचा?

कायद्यातील मोठा बदल २०१९ च्या दुरुस्तीने झाला. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झालेले कलम १९९-अ पालकांनी एकदा तरी पूर्ण वाचावे असे आहे. अल्पवयीन मुलाने या कायद्याखालील गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ किंवा पक्का कोणताच परवाना मिळत नाही. मुलाने पालकाच्या संमतीनेच गाडी नेली, असे न्यायालय गृहीत धरते. ‘मला न सांगता चावी घेतली’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते.

या कलमातून एकच सुटका आहे. मुलाकडे शिकाऊ परवाना असेल आणि ज्या वाहनाची त्याला परवानगी आहे तेच वाहन तो चालवत असेल, तर पालकाला ही जबाबदारी लागू होत नाही. वर सांगितलेला ५० सीसीचा मुद्दा इथे पुन्हा आडवा येतो. ११० सीसीच्या स्कूटरवर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचा परवाना त्याच्या वडिलांना वाचवू शकत नाही.

याखेरीज विनापरवाना वाहन चालवणे आणि तसे चालवू देणे हे दोन स्वतंत्र गुन्हे आहेत. केंद्रीय कायद्यात दोन्हींचा दंड पाच हजार रुपये आहे. हा दंड जागेवर भरून प्रकरण मिटवता येते, त्यामुळे ‘फार तर पावती फाटेल’ असा समज पसरला आहे. कलम १९९-अ मात्र तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. तिथे न्यायालयाची पायरी चढावी लागते.

खरी आर्थिक झळ विम्याच्या बाजूने बसते आणि तिचा विचार क्वचितच होतो. स्कूटरच्या धडकेने कोणी दगावला वा जायबंदी झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई ठरवते. कमावता माणूस गेला असेल, तर ही रक्कम अनेक लाखांत जाते. चालकाकडे वैध परवाना नसला, तरी पीडित कुटुंबाला विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर ते वाहनमालकाकडून वसूल करावेत, ही दिशा सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात स्पष्ट केली. पीडिताच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. मालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की हप्ता वेळेवर भरूनही सारा बोजा अखेर त्याच्याच घरावर येऊ शकतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावाही कंपनी नाकारू शकते.

पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, या शिक्षेचे वजन सगळ्यांना सारखे नाही. डायमंड गार्डनजवळच्या मोठ्या सदनिकेत राहणाऱ्या मुलाला ती गैरसोय वाटेल, कारण घरी चालक असेल. लाल डोंगर, सिद्धार्थ कॉलनी किंवा पी. एल. लोखंडे मार्गावरच्या मुलासाठी परवाना म्हणजे नोकरीचा अर्ज असतो. घरपोच सेवा, टेम्पो, टॅक्सी, रुग्णवाहिका या साऱ्या कामांची सुरुवात परवान्यापासून होते. प्रवासी वा मालवाहू वाहन चालवण्यासाठी किमान वय वीस वर्षे आहे. म्हणजे सोळाव्या वर्षी केलेली एक फेरी पुढे हातातोंडाशी आलेली पाच वर्षांची कमाई हिरावून नेऊ शकते.

पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुणांचा जीव घेतला. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली, तेव्हा राज्यभर संताप उसळला. तो योग्यच होता. परंतु त्या प्रकरणातली महागडी मोटार, पब, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप या सगळ्यामुळे अल्पवयीन चालक म्हणजे धनिकांचा बिघडलेला मुलगा, असे एक चित्र मनात पक्के झाले. चेंबूरच्या रस्त्यावर दिसणारा अल्पवयीन चालक बहुधा तसा नसतो. तो आईला भाजी आणून देणारा, धाकट्या बहिणीला शाळेत सोडणारा, एरवी शहाणा मुलगा असतो आणि गाडी त्याला घरातूनच दिलेली असते.

चेंबूरचे रस्ते आणि टँकर

१९५० च्या दशकाच्या मध्यावर माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, तेव्हापासून टँकर ही चेंबूरची ओळख आहे. रामकृष्ण चेंबूरकर मार्ग, माहुल रस्ता, वि. ना. पुरव मार्ग या रस्त्यांवर स्कूटर आणि इंधनाचे टँकर शेजारी शेजारी चालतात. त्यामुळे येथे शिकणाऱ्या मुलाला सर्वात आधी टँकर समजावून सांगितला पाहिजे. नेमके तेच कोणी सांगत नाही.

टँकरचालक उंचावर, उजव्या बाजूला बसतो. त्याच्या डाव्या दाराला लागून असलेला रस्त्याचा पट्टा आणि टपाच्या अगदी पुढची जागा त्याला दिसत नाही. आरशातही तिचा काही भाग सुटतो. सिग्नलला थांबलेल्या टँकरच्या डाव्या अंगाने स्कूटर पुढे काढणारा मुलगा नेमका त्या आंधळ्या जागेत शिरतो. दिवा हिरवा होतो आणि टँकर डावीकडे वळू लागतो. लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतल्या बाजूने, पदपथाच्या जवळून जातात. पुढचे चाक गेले, आता जागा मोकळी आहे, असे वाटते त्याच क्षणी मागची चाके ती जागा व्यापतात. यावर उपाय एकच आहे. थांबलेल्या अवजड वाहनाच्या डावीकडून कधीही पुढे जायचे नाही, त्याच्या मागे थांबायचे. ‘चालकाचा चेहरा त्याच्या आरशात मला दिसत नसेल, तर मीही त्याला दिसत नाही’ हे वाक्य मुलांना पटकन समजते.

हे रस्त्यावर न उतरताही शिकवता येते. उभ्या टेम्पोच्या चालकाच्या जागी मुलाला पाच मिनिटे बसवून, डाव्या बाजूला कोणाला तरी उभे करून ‘दिसतो का?’ असे विचारावे. सोसायटीत सामान उतरवायला आलेल्या टेम्पोचा चालक एवढी मदत आनंदाने करतो.

वेगाचे गणितही असेच समोर मांडता येते. ताशी ४० किलोमीटर वेगाने स्कूटर एका सेकंदात अकरा मीटर जाते. ६० च्या वेगाने जवळपास सतरा. धोका दिसल्यापासून ब्रेकवर बोटे आवळेपर्यंत सेकंदभर जातोच. त्यानंतर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला, तर हे अंतर सव्वादोन पट होते. कोरड्या रस्त्यावर ४० ला जिथे नऊ-दहा मीटर लागतात, तिथे ६० ला वीस. पावसात, पेव्हर ब्लॉकवर किंवा तेलाचा तवंग असलेल्या वळणावर याहून बरेच जास्त. अकरावीच्या भौतिकशास्त्रात हेच सूत्र असते. मुलांना ते परीक्षेत येते, पण रस्त्यावर आठवत नाही.

पूर्व मुक्त मार्गावर दुचाकींना बंदी आहे, हेही मुलांना सांगून ठेवावे. पांजरापोळच्या बाजूने मित्रांसोबत दक्षिण मुंबईची फेरी मारण्याचा मोह त्या उंच, मोकळ्या रस्त्यामुळेच होतो.

हेल्मेटबद्दल नवे सांगण्यासारखे काही नाही, आकडा तेवढा सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत दुचाकीवरील ७४ हजार ८९७ होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजार २९ होती आणि त्यांत मागे बसलेले १४ हजारांहून अधिक होते. हनुवटीखालचा पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या धक्क्यातच डोक्यावरून निघून जाते.

शिकवणार कोण?

मोटारीसाठी ड्रायव्हिंग स्कूल आहेत. नियमांनुसार तेथे किमान २१ दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास अपेक्षित आहेत. प्रशिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असलेली दुहेरी नियंत्रणाची मोटार सक्तीची आहे. दुचाकीला मात्र या दुहेरी नियंत्रणातून सूट आहे, कारण तशी सोयच करता येत नाही. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आली. त्यात हलक्या मोटार वाहनांसाठी २९ तासांचा अभ्यासक्रम आहे आणि तो पूर्ण करणाऱ्यास आरटीओतील चालन चाचणीतून सूट मिळते. अशा केंद्राला किमान एक एकर जागा लागते. चेंबूरमध्ये एक एकर मोकळी जागा कोणाला सापडलीच, तर तिथे प्रशिक्षण केंद्र होईल की टॉवर, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

परिणामी दुचाकी शिकवण्याचे काम वडील, मोठा भाऊ किंवा शेजारचा मित्र यांच्याकडेच राहते. शिकवले जाते ते तोल सांभाळणे, अ‍ॅक्सिलरेटर पिळणे आणि ब्रेक. चौकात नजर कुठे ठेवायची, रिक्षा अचानक थांबेल हे कशावरून ओळखायचे, बसच्या पुढून माणूस धावत येईल हे आधीच धरून कसे चालायचे, हे शिकवायचे राहून जाते. कारण शिकवणाऱ्यालाही ते सवयीने येते, सांगता येत नाही.

केवळ वर्ग भरवल्याने अपघात कमी होतात, असेही नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील डिकाल्ब परगण्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे सोळा हजार विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. उत्तम अभ्यासक्रम शिकलेल्या मुलांचे अपघात दीर्घकाळात फारसे कमी झाले नाहीत. शाळेत शिकलेली मुले लवकर परवाना काढतात आणि लवकर रस्त्यावर येतात, हेही नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. गुण दिसला तो वेगळ्याच उपायाचा. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने मिळणारा परवाना सुरू केला. आधी सोबत अनुभवी चालक असताना शिकायचे. नंतर एकट्याने चालवायचे, पण रात्री दहा ते पहाटे पाच गाडी बाहेर काढायची नाही आणि मित्रांना बसवायचे नाही. त्यानंतरच पूर्ण परवाना. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील राज्यांनी हीच वाट धरली. नवख्या तरुणाला रात्र आणि सोबतचे मित्र या दोन गोष्टी सर्वाधिक महागात पडतात, हा अनुभव त्यामागे आहे.

आपल्याकडे असे टप्पे नाहीत. अठराव्या वाढदिवसापर्यंत काहीच नाही आणि त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत सर्व काही, अशी आपली रचना आहे. कायद्यात नसलेले टप्पे घराला स्वतः आखता येतात: पहिले सहा महिने अंधार पडल्यावर चावी नाही, मागे मित्र नाही, पाऊस सुरू असताना गाडी नाही. सोळा ते अठरा ही दोन वर्षेही वाया घालवण्याचे कारण नाही. या काळात मुलाने मागे बसून रस्ता वाचायला शिकावे. वडील चालवत असताना ‘पुढे काय होईल असे वाटते?’ हा प्रश्न त्याला विचारत राहावे. सायकल चांगली चालवणाऱ्या मुलाला वाहतुकीची जाण लवकर येते.

अठरा पूर्ण झाल्यावर

चेंबूरसाठीचे आरटीओ म्हणजे वडाळ्याचे मुंबई पूर्व प्रादेशिक परिवहन कार्यालय, वाहन क्रमांक एमएच ०३. शिकाऊ परवान्यासाठी अर्ज आणि परीक्षा जून २०२१ पासून आधारच्या साह्याने घरबसल्या देता येते. किमान साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. घरातल्या संगणकावर ही उत्तरे दुसऱ्याने देणे अवघड नाही आणि म्हणूनच पालकांनी त्या वेळी शेजारच्या खोलीत बसावे. चिन्हांचा अर्थ मुलाला ठाऊक नसेल, तर परीक्षेत नापास होणे हा त्यातला स्वस्त मार्ग आहे.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. बहुतेक मुले एकतिसाव्या दिवशी जातात. तसे बंधन नाही. सहाही महिने वापरता येतात.

या काळात वाहनाच्या पुढे आणि मागे, दोन्ही बाजूंना, पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात ‘एल’ हे इंग्रजी अक्षर लावावे लागते. पाटी १८ सेंटिमीटर लांब-रुंद असावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात पुढच्या मडगार्डवर एक लहानसे स्टिकर चिकटवले जाते आणि मागची बाजू, जिथून इतरांना सावध व्हायचे असते, ती कोरीच राहते. शिकणाऱ्याच्या मागे पक्का परवाना असलेल्या शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही बसवता येत नाही. मित्राला नाही, बहिणीलाही नाही. रविवारी सकाळी सातच्या सुमारास, टँकर आणि शाळेच्या बसगाड्या नसताना, मागच्या सीटवर हेल्मेट घालून आई किंवा वडील बसले आहेत आणि स्कूटर ताशी वीसने चालली आहे, हे नियमाला अपेक्षित असलेले दृश्य आहे.